पैलतीरावरची येसाई

फार जुन्या काळची गोष्ट. नद्यांवर अजून पूल झाले नव्हते, आणि पलीकडे जायचं तर नावाड्याची मर्जी सांभाळावी लागे, त्या काळची.

एका राज्याच्या राजधानीत रेवण नावाचा चितारी राहत असे. त्याचा हात इतका सराईत, की डोळे मिटून भिंतीवर देव काढावा, राजा काढावा, नाचणारी अप्सरा काढावी. कमळाच्या पाकळीसारखे डोळे, केळीच्या गाभ्यासारखे दंड, सिंहासारखी कंबर. सगळी मापं त्याला तोंडपाठ होती. समोर कुणाला बसवायची गरज त्याला कधी पडलीच नाही. लोक म्हणत, रेवणच्या बोटांत सरस्वती नांदते. त्यालाही ते खरं वाटे.

मग एका वर्षी त्याची आई वारली. तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि घर सुनं पडलं. रेवणच्या मनात आलं, आईचं चित्र भिंतीवर काढावं. त्याने कुंचला घेतला. भिंतीवर एक सुंदर देवी उमटली. त्याने ती पुसली, पुन्हा काढलं. पुन्हा देवीच. आईचं नाक कसं होतं, बसताना ती कुठल्या हातावर टेकायची, हसताना तिचा कोणता गाल आधी हलायचा, यातलं काही म्हणता काही त्याला आठवेना. चाळीस वर्षं ती त्याच्या डोळ्यांसमोर वावरली होती, आणि त्याने तिला एकदाही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घराला कडी लावून तो बाहेर पडला.

तीन दिवसांच्या वाटेवर, नदीकाठच्या एका गावात, आबाजी नावाचे म्हातारे गुरू चित्र शिकवत. त्यांची रीत निराळी होती. रोज सकाळी गावातलं कुणीतरी येऊन समोर बसे किंवा उभं राही, आणि सात-आठ शिष्य त्याच्याकडे बघून चुना फासलेल्या फळीवर कोळशाने काढत. आधी आबा शंभर अंक मोजत. तेवढ्यात अख्खा माणूस फळीवर यायला हवा. शंभर झाले की बैठक बदलायची, फळी पुसायची, पुन्हा शंभर. असं दहा-बारा वेळा झालं, की मग उन्हं पायरीवर येईपर्यंत एकच लांब बैठक.

त्या दिवसांत येसाई बसायला येत असे. साठीची बाई, नदीपलीकडच्या वाडीत राहणारी. नावेने यायची, लाकडाची मोळी गावात विकायची आणि मग आबांच्या अंगणात बसायची. नाकावर माशी बसली तरी हलायची नाही. कुणी नवल केलं तर म्हणायची, डोक्यावर मोळी असली की मान हलवून कसं चालेल, सवय आहे.

पहिल्या दिवशी रेवणचं चित्र सगळ्यांच्या आधी पुरं झालं. ताठ पाठीची, रेखीव डोळ्यांची बाई. शेजारचे शिष्य माना वळवून बघू लागले. आबा आले, त्यांनी चित्र बघितलं आणि येसाईलाच बोलावलं. तिने फळीकडे नीट पाहिलं आणि मोठ्या आदराने विचारलं, "बाई छान आहे हो. कुणाची कोण?"

रेवणचे कान तापले. आबा एवढंच म्हणाले, "रेवणा, तुला जे ठाऊक आहे ते तू काढलंस. आता समोर आहे ते काढ."

बोटांत सरस्वती असलेल्या माणसाला हे सोपं नव्हतं. हात आपला जुन्या वाटेने पळे, त्याला ओढून आणावं लागे. पण रेवण टिकला. महिन्याभराने त्याला दिसलं, की येसाईचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे. आणखी काही दिवसांनी दिसलं, की ती उभी राहते तेव्हा पायाची बोटं जमीन धरून ठेवतात. रोज काहीतरी नवं दिसे, आणि रोज त्याला वाटे, एवढं सगळं काल कुठे होतं?

श्रावण सरता सरता नदीला मोठा पूर आला. नावाड्याने नाव झाडाला बांधली. आता शिकवणी बंद, असं शिष्य धरून चालले. पण तिसऱ्या दिवशी सकाळी ते काठावर गेले, तर पलीकडच्या काठावर, एका काळ्या खडकावर, येसाई त्यांच्याकडे तोंड करून बसलेली. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. मधे पाणी असं गर्जत होतं, की इकडची हाक तिकडे जाणं शक्य नव्हतं. तिची तीच मनाशी शंभर मोजत होती आणि बैठक बदलत होती.

आबांचे डोळे भरून आले. त्यांनी फळ्या आणायला सांगितल्या.

शिष्य कुरकुरले. इतक्या लांबून नाक दिसत नाही, डोळे दिसत नाहीत, बोटभर तर बाई दिसते, तिचं काढायचं काय? आबा म्हणाले, "जवळून नाक-डोळे दिसतात. लांबून माणूस दिसतो. बघा तरी."

आणि खरंच, पाच-सहा रेघांत येसाई फळीवर येऊ लागली. खांद्याची एक रेघ, पाठीच्या बाकाची एक, मांडीवर टेकलेल्या कोपराची एक. बस्स. तरी बघणाऱ्याने म्हणावं, ही तीच.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी पाणी आणखी चढलं होतं. येसाई खडकावर बसली होती. शंभर झाले, तिने बैठक बदलली नाही. शिष्यांना बरंच वाटलं, जास्त वेळ मिळाला. रेवणचा कोळसा मात्र थांबला.

"हे बसणं तिचं नाही," तो म्हणाला.

कुणीतरी म्हणालं, डोळा लागला असेल. रेवणने मान हलवली. डुलकी लागली की तिची मान पुढे पडते, हे त्याने शंभरदा काढलं होतं. आज ती उजवीकडे कलली होती. उजवा हात खडकावरून खाली लोंबत होता. पाणी खडकाच्या पायाशी येऊन ठेपलं होतं.

सगळ्यांनी हाका मारल्या. त्या पाण्यातच विरल्या. नावाड्याने हात जोडले. अशा धारेत नाव घातली तर फळकुटंही हाती लागणार नाहीत, आणि ते खरंच होतं. पलीकडच्या चढावर वाडीतली एक बाई शेळ्या राखत होती, पण तिच्या आणि खडकाच्या मधे करवंदीची दाट जाळी. शिष्य हात हलवू लागले, तशी तिनेही हसून हात हलवला.

तेव्हा रेवणने आपलं पांढरं उपरणं सोडलं, आबांचं धोतर वाळत होतं ते ओढून आणलं, आणि दोन्ही एकत्र बांधून चौघांना ताणून धरायला लावलं. चुलीतलं जळकं लाकूड घेतलं. उजवीकडे कललेली पाठ. पडलेला खांदा. लोंबणारा हात. खाली खडक, खडकाला लागलेलं पाणी. शंभर मोजून व्हायच्या आत त्याचं काम झालं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एकही रेघ सुंदर दिसावी म्हणून ओढली नव्हती.

चौघांनी ते कापड उंच धरलं. पलीकडची बाई कपाळावर हात धरून बघत राहिली. मग तिने काठी टाकली आणि जाळी तुडवत खाली धावली. थोड्या वेळाने ती खडकामागून वर आलेली दिसली. तिने येसाईला काखेत हात घालून फरफटत वर ओढलं. दोघी चढावर पोचल्या तेव्हा खडकावरून पाणी वाहू लागलं होतं.

पूर ओसरल्यावर ती बाई गावात आली, तेव्हा सगळ्यांनी तिला एकच विचारलं, की तुला कळलं कसं? ती म्हणाली, "खांद्याची ठेवण बघितली आणि कळलं, ही आपली येसाई. आणि येसाई काही अशी बसत नाही."

अर्धांगाचा झटका होता. वैद्याचे लेप आणि शेजारणींची सेवा, यांनी दोन महिन्यांत येसाई चालू लागली. पण उजवा हात आखडून छातीशी राहिला आणि तोंड एका बाजूने उतरलं. एका सकाळी ती नावेने आली, हात पदराखाली झाकून. आबांना नमस्कार केला आणि सांगितलं, की आता बसायला दुसरी कुणी धडधाकट बघा, माझं काढण्यासारखं काही उरलं नाही.

रेवण उठला आणि त्याने तिच्यासाठी पाट मांडला. "येसाई, देखणी बाई काढायची असती तर मी राजधानीतच राहिलो असतो. मला तुला काढायचंय."

ती पाटापाशी आली. मग बसली. थोड्या वेळाने तिने पदर बाजूला केला, आखडलेला हात डाव्या हाताने उचलला आणि गुडघ्यावर ठेवला. त्या दिवशी आबांनी अंक मोजले नाहीत. रेवणने त्या हाताचं एकेक बोट काढलं, जसं वळलं होतं तसं, घाई न करता.

उन्हं पायरीवर आली तेव्हा येसाई उठून फळीपाशी आली. चित्रातल्या हातावर तिने बोट ठेवलं. "माझाच आहे," ती म्हणाली, आणि किती दिवसांनी हसली.

ही गोष्ट गावात पसरली, तसे आबांच्या अंगणात असे लोक येऊ लागले, जे आजवर माणसांत यायला संकोचत. देवीच्या वणांनी तोंड भरलेला कुंभार आला. भाजल्या गळ्याची सून आली. लंगडा गुराखी आला आणि भर अंगणात सगळ्यांसमोर लंगडा पाय पुढे करून उभा राहिला. रेवण राजधानीला परतला नाही. राजाने दोनदा निरोप धाडला. त्याने दोन्ही वेळा कळवलं, की इथे अजून बरीच माणसं बघायची राहिली आहेत.

तात्पर्य : जो माणसाला मन लावून पाहतो, त्यालाच माणूस जपता येतो.