पुलरचा पाव वेढा

अवजारं माणसांदेखत बोलायची, त्या काळची गोष्ट. तानूमिस्त्रीच्या गॅरेजात घट्ट बसलेले भाग ओढून काढणारा नवा पुलर आला. दोन वाकडे पाय आणि मधोमध एक लांब स्क्रू. हातोडा हसला, "काय पाहुणे, कामाचे की शोभेचे?"

तेवढ्यात नवरदेवाची बंद पडलेली जीप वऱ्हाडाने ढकलत आणली. मुहूर्ताला तासच उरला होता. बॅटरीच्या खुंटावर बसणारं तारेचं टर्मिनल पांढऱ्या क्षाराने त्याला घट्ट चिकटलं होतं. ते काढून घासल्याशिवाय जीप चालू होणार नव्हती, आणि खुंट मोडला तर बॅटरीच वाया जाणार होती.

"एका ठोक्याचं काम!" म्हणत हातोड्याने दणका दिला.

"आई गं!" बॅटरी कळवळली. "माझा खुंट हलला!"

टर्मिनलने भीतीने खुंटाला आणखीच मिठी मारली. "मारता होय? आता तर मुळीच सोडणार नाही!"

मिस्त्रीने कढत पाणी ओतून पुलर लावला. पुलरने पाय टर्मिनलखाली अडकवले आणि स्क्रूचं टोक खुंटावर अलगद टेकवलं. "बॅटरीताई, पाव वेढा फिरतो. दुखलं तर सांगा."

पाव वेढा फिरून तो थांबला.

"दमलात एवढ्यात?" हातोडा ओरडला.

"ताईंना श्वास घेऊ द्या की!"

चौथ्या पाव वेढ्याला टर्मिनल आपणहून सुटलं. नवरदेव वेळेवर पोचला.

दुसऱ्या दिवशी दांड्याला गंजून चिकटलेली एक पुली आली. सगळी अवजारं हातोड्याकडे बघू लागली.

"माझ्याकडे काय बघता?" तो खेकसला. "पुलररावांना बोलवा." मग पुलीकडे वळून हळूच म्हणाला, "घाबरू नका हं, ताई."