गोजाईचा हंडा

फार मागची गोष्ट. नदीकाठच्या चुनेवाडीत तेव्हा घरोघर चुन्याच्या भट्ट्या होत्या. तिथं गोजा नावाची एक सून होती. तिचा नवरा हैबती भट्टीत भाजलेल्या चुन्याचे खडे, म्हणजे कळी, खड्ड्यात टाकायचा आणि वरून पाणी ओतायचा. पाणी पडलं की चुना खदखदायचा, उडायचा. गोजा दर वेळी म्हणायची,

"अवो, इतकं वाकू नका."

"चुना काय तुझी सासू हाय, अंगावर धावून यायला?" तो हसायचा.

एका दुपारी चुना उडाला तो थेट त्याच्या डोळ्यांत. हैबती ओरडत खाली बसला, डोळे चोळायला लागला. गोजानं आधी त्याचे हात धरले, मग पाण्याचा हंडा उचलला.

सासू किंचाळली, "अगं बये, पाणी नको! चुना उकळतो पाण्यानं. शिजवशील माझ्या लेकाचे डोळे!"

"तूप घाला, वैदूला आणा," माणसं म्हणाली. वैदू तर नदीपल्याड.

गोजानं हंडा तसाच धरून ठेवला. सासूचं खोटं नव्हतं. पण गोजानं आणखी एक पाहिलं होतं. थोड्या पाण्यानं चुना खवळतो, पुष्कळ पाण्यात बुडवला की निमूट होतो. डोळ्यात तसंच होईल का? चुकलं, तर आपल्याच हातानं नवरा आंधळा.

तिनं त्याच्या पापण्या उघडून धरल्या आणि हंडा ओतला. हंडा संपला, तरी तो तळमळतच होता.

"अजून आणा!" ती ओरडली. शेवटी सासूच रडत रडत कळशी घेऊन धावली.

असं म्हणतात, बाया नदीपासून रांग धरून उभ्या राहिल्या. सूर्य डोंगराआड जाईना. उन्हाळ्यातली आटलेली नदी हंड्यामागोमाग भट्टीपर्यंत चालत आली, असंही म्हणतात. गोजा ओतत राहिली. दर खेपेला तिला वाटायचं, शिजले असतील आता.

मग हैबती म्हणाला, "बुडवतेस काय मला? आणि कुंकू बघ कसं पसरलंय तुझं."

गोजानं हंडा खाली ठेवला. त्याचा एक डोळा पुढं धुरकटच राहिला, पण दुसऱ्यानं त्यानं नातवंडं पाहिली.

आता भट्ट्या गेल्या. तरी दिवाळीआधी घर रंगवायला कुणी चुना भिजवायला घेतला, की चुनेवाडीत आधी चुन्याशेजारी गोजाईचा हंडा भरून ठेवतात. त्यातलं पाणी कुणी पीत नाही, चुन्यातही घालत नाही. पोरांना लांब पिटाळतात, डोळ्यांना चष्मे लावतात, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहतात. तरीही उडालंच, तर चोळू देत नाहीत. दवाखान्याची गाडी येईपर्यंत ओतत राहतात.

आणि काम उरकल्यावर घरातली थोरली बाई हंड्यात डोकावते. तो काठोकाठ तसाच असला, तर त्या घरी गोडधोड करतात.