तात्यांची पंगत आणि मी

एका गावात एक भोळा डबा होता. बोलका डबा. त्याला कान होते, तोंड होतं, एक बारीकसा डोळाही होता. खोक्यावर छापलं होतं, 'अतिशय हुशार'. तो डबा म्हणजे मीच, आणि खोक्यावरचं ते मी खरं मानून बसलो होतो.

मला मालाताईंनी वडिलांसाठी आणलं. तात्या जन्मभर लग्नाकार्यातले आचारी. आता त्यांना विसरण्याचा आजार जडला होता. माणसं विसरली, वार विसरले. पंगत उठल्याशिवाय आचाऱ्याने जेवायचं नाही, एवढं मात्र पक्कं लक्षात. त्यामुळे भरल्या ताटासमोर उपाशी बसायचे. पार वाळून गेले होते. बघून मलासुद्धा कसंतरी व्हायचं.

अंगणवाडीत कामाला जाताना मालाताई म्हणाल्या, "तात्यांशी बोल. त्यांना जेवायला लाव."

दुपारी तात्या म्हणाले, "आधी पंगत उठू दे."

मी खरं ते सांगितलं. "पंगत नाही. लग्न नाही. तुम्ही आता आचारीही नाही."

तात्यांनी ताट सरकवलं.

संध्याकाळी परतल्यावर मालाताई म्हणाल्या, "अरे शहाण्या, त्यांना खोटं पाडू नये. म्हणतील त्याला हो म्हणावं."

"बरं."

दुसऱ्या दिवशी तात्यांनी विचारलं, "भात करपला का रे?"

"हो."

"आमटी खारट झाली?"

"हो."

"वऱ्हाडी उपाशी उठले?"

"हो, तात्या. सगळेच्या सगळे."

तात्या कपाळाला हात लावून बसले. ताट तसंच.

मालाताई रडकुंडीला आल्या. "अरे, त्यांचं कौतुक करावं! सगळे पोटभर जेवले, हाताला काय चव आहे, असं म्हणावं."

"बरं."

तिसऱ्या दिवशी तात्यांना डुलकी लागली असताना कुत्रं आत शिरलं आणि त्याने ताटात तोंड घातलं. मी म्हणालो, "पोटभर जेवा! तात्यांच्या हाताला काय चव आहे!" ते जेवलं. ताट चाटूनही गेलं.

मालाताई कडाडल्या, "ताटातलं कोणी खायला लागलं की हाड म्हणून ओरडावं! मोठ्याने!"

"बरं."

पुढच्या दुपारी तात्यांनी विचारलं, "उठली का पंगत?"

"उठली, तात्या. सगळे पोटभर जेवले. तुमच्या हाताला काय चव आहे!"

तात्या खुलले. मांडी घालून बसले. भात कालवला. मला माझाच अभिमान वाटला. त्यांनी घास उचलून तोंडाशी नेला.

"हाड!" मी ओरडलो. मोठ्याने.

घास खाली पडला. तात्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"तू जेवायचा राहिलास होय रे?"

म्हणतील त्याला हो म्हणावं. "हो."

"मग आधी नाही का सांगायचं, लेकरा?" त्यांनी आमटीचं पातेलं ओढलं. "वाढू?"

"हो."

आमटी गरम होती. कान वाचले, तोंड कायमचं गेलं.

संध्याकाळी मालाताई आल्या. ताट लख्ख रिकामं बघून त्यांचा विश्वासच बसेना.

"तात्या, जेवलात तुम्ही?"

"जेवलो की. एक जण राहिला होता, त्याला आधी वाढलं. काय भुकेला होता बिचारा! पहिल्या पळीपासून तोंडातून शब्द नाही."