गेरूचे तीन पट्टे

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव आता कुणाला सांगता यायचं नाही, आणि नाव कळून तरी काय करायचंय? मुलांनो, ऐका. मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्त नीट ऐका.

राज्याच्या सीमेवर डोंगरात एक खिंड होती आणि खिंडीच्या पायथ्याशी एक गाव. शत्रू यायचा तर याच वाटेने. म्हणून गावचे तरणे गडी वर पहाऱ्याला जात. एका अमावास्येला चढायचे, पुढच्या अमावास्येला उतरायचे. ज्या घरचा गडी वर जाई त्या घराच्या दारावर गेरूचा एक पट्टा ओढायचा, अशी रीत होती. पट्ट्याच्या घराला गावात मोठा मान असे.

दुसरीही एक रीत होती. पहारा संपायच्या आधी जो खाली उतरेल, त्याला गावच्या पाण्याला हात लावू द्यायचा नाही. कधीकाळी कुणी बायकोच्या हातचं जेवायला पहारा सोडून पळाला असेल, म्हणून ही अट घातलेली. तेव्हा ती बरोबरच होती.

खिंडीच्या वाटेवरचं पहिलंच घर एका म्हाताऱ्याचं. त्याच्या दारावर तीन पट्टे होते, कारण त्याचे तिन्ही मुलगे एकदमच वर गेले होते. म्हाताऱ्याने तरुणपणी स्वतःही पहारा केलेला. त्यामुळे ताठा असा, की विचारू नका. वाटसरू पाणी प्यायला थांबला तरी आधी पट्टे दाखवायचा, मग तांब्या द्यायचा. पोरं त्याला चिडवायची, “आजोबा, चौथा पट्टा तुमच्या मिशीला ओढू का?” तो हसायचा आणि मिशीला आणखी पीळ द्यायचा. त्यात काही वाईट नव्हतं. पोटचे मुलगे गावासाठी उन्हातान्हात उभे आहेत, याचा अभिमान कोणत्या बापाला वाटणार नाही?

त्या साली आदला पावसाळा कोरडा गेला होता. उन्हाळा भाजून काढत होता. अमावास्या तीन दिवसांवर आली, आणि भर दुपारी म्हाताऱ्याचा मधला मुलगा डोंगर उतरून दारात उभा राहिला. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले, खांद्यावर रिकामी पखाल.

“बाबा, वरचा झरा आटलाय,” तो म्हणाला. “धाकट्याला उठवत नाही. पहाऱ्याच्या नाईकांनी मला पाठवलं, कारण मला अजून चालता येतंय. आपल्या रेड्यावर पाणी घालून द्या. मी लगेच परत जातो.”

एवढ्यात शेजारीपाजारी जमले. म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग दारावरच्या पट्ट्यांकडे पाहिलं. मुलाच्या तोंडाकडे मात्र त्याने पाहिलं नाही. आपल्या वेळी तो झरा कधी आटला नव्हता, असं तो म्हणाला. आपण एका ओंजळीवर दोन दोन दिवस काढले होते, असंही म्हणाला. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

“तीन पट्ट्यांच्या घरातला माणूस पाणी मागायला खाली येत नाही. अमावास्येला ये.”

आता बघा, जमलेल्यांतल्या कितीतरी जणांची मुलं वर होती. पण ज्याचे तिघे वर आहेत तोच पाणी देत नाही म्हटल्यावर, माझा एक तहानलाय असं कोण बोलणार? प्रत्येकाला दुसऱ्याची लाज वाटली. सगळे माना खाली घालून आपापल्या घरी गेले.

आई तेवढी परड्यातून धावली आणि कुंपणावरून तिने मुलापुढे पाण्याचा तांब्या धरला. मुलाने तांब्याकडे खूप वेळ पाहिलं.

“एकटा पिऊन वर कोणत्या तोंडाने जाऊ, आई?” एवढं बोलून तो वळला आणि चढणीला लागला.

आईने घागर भरली. म्हाताऱ्याने ती उंबऱ्यावरच ओतून टाकली आणि म्हणाला, गावात माझं नाक कापू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा घागर घेऊन निघाली, तेव्हा खिंडीच्या पहिल्याच वळणावरून शेजाऱ्यांनी तिला परत आणली. मोठ्या घरच्या बाईला हे शोभत नाही, असं त्यांनी समजुतीने सांगितलं. त्यानंतर ती कुणाशी बोलली नाही आणि चूलही तिने पेटवली नाही.

अमावास्येच्या सकाळी ढोल वाजवत नवे पहारेकरी निघाले. सगळ्यांच्या पुढे म्हातारा, डोक्याला कोरं पागोटं. मधला मुलगा त्यांना अर्ध्या वाटेवरच सापडला. तो दगडाला टेकून बसला होता आणि त्याचं तोंड वरच्या दिशेला होतं. तिथेच ढोल थांबले.

वर थोरला खिंडीच्या तोंडाशी पडला होता. भाला त्याच्या मुठीतून काढता येईना. धाकट्याचं डोकं म्हाताऱ्या नाईकाच्या मांडीवर होतं, आणि नाईकही गेलेला होता. बाकीचेही तहानेने जिथल्या तिथे पडले होते; एकानेही जागा सोडली नव्हती. शत्रू तर आलाच नव्हता. त्यांना मारायला शत्रूची गरजच पडली नाही.

महिन्याभराने राजाने म्हाताऱ्यासाठी मानाची शाल पाठवली. शाल घेऊन आलेल्या सरदाराने विचारलं, असे शूर गडी कोणत्या लढाईत पडले? म्हातारी पुढे आली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच बोलली.

“आमच्या दारात पडले,” ती म्हणाली. “हे तीन पट्टे आहेत ना, तिथे.”

सरदाराने शालीची घडी मोडलीच नाही. ती तशीच उंबऱ्यावर ठेवून तो निघून गेला.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. या म्हाताऱ्याचा मात्र पीळही जळून गेला. दुसऱ्या दिवसापासून तो रेड्यावर पखाल घालायचा आणि डोंगर चढायचा. ऊन असो, पाऊस असो, झरा भरून वाहत असो, त्याची खेप चुकली नाही. वरचे गडी आदराने त्याच्या पाया पडायला वाकत, तेव्हा तो मागे सरे. पट्ट्यांविषयी तो पुन्हा कधी बोलला नाही. एकेकाच्या तोंडाकडे नीट बघून तो एवढंच विचारायचा, “प्यालास का, बाळा?” आणि असाच एकदा चढताना, मधला मुलगा जिथे सापडला त्याच दगडापाशी तो बसला, तो पुन्हा उठला नाही.

त्या गावात अजून पट्टा ओढतात. पण आधी दारात भरलेली घागर ठेवतात, ती वर पोचती करतात, आणि मगच गेरूला हात लावतात.

बोध: सेवेला गेलेल्या आपल्या माणसाचा अभिमान जरूर धरावा, पण आधी त्याची तहान विचारावी.