बस्त्यावचा वीस बाटल्यांचा संकल्प

वसईकडे, केळीच्या बागांमधल्या एका गावात बस्त्याव नावाचा एक भोळा भाऊ राहत होता. भोळा भाऊ म्हणायचं कारण, त्याला एक बहीण होती, रेमेदीन, आणि ती भोळी नव्हती. आईबाप देवाघरी गेलेले. घरात ही दोघं, आणि कुंपणापलीकडे अंजेलीन आत्या. आत्याचं अर्धं आयुष्य स्वतःच्या घरात गेलं, आणि उरलेलं अर्धं बस्त्यावला समजावण्यात.

बस्त्याव आळशी नव्हता. कुणाचं ऐकत नाही, असंही नव्हतं. उलट तो सगळ्यांचं सगळं ऐकायचा. तीच तर अडचण होती.

त्याच्या आईच्या हातची वाइन पंचक्रोशीत नावाजलेली. जांभळाची असो, मनुकांची असो, एक घोट घेतला की माणूस शेजाऱ्याशी चाललेलं भांडण विसरायचा. आई गेली आणि घरातल्या बरण्या पालथ्या पडल्या. मग रेमेदीनचं लग्न ठरलं. मुलगा शेजारच्या गावातला, इस्तेव काकांचा. लग्न पुढच्या नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी. इस्तेव काकांनी मानपान मागितला नाही, दागिना मागितला नाही. एवढंच म्हणाले, “तुमच्या आईच्या वाइनची चव अजून माझ्या जिभेवर आहे. लग्नात पेला उचलायचा तो तुमच्या घरच्याच वाइनचा. दुकानातली बाटली आणलीत तर मी पेला उपडा ठेवीन.”

 रेमेदीनने आत जाऊन आईची मोठी बरणी घासून उन्हात ठेवली. आईची तेवढी एक गोष्ट तिला लग्नात हवी होती.

त्याच सुमारास, म्हणजे लग्नाच्या वर्षभर आधी, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, मिस्सा संपल्यावर चर्चच्या हॉलमध्ये शहरातून एक सर आले. त्यांचा धंदा लोकांना ध्येय देण्याचा. कोट घालून, घाम पुसत पुसत ते दोन तास बोलले. शेवटी म्हणाले, “तीन गोष्टी लक्षात ठेवा. संकल्प लिहून काढा. मोजता येईल असा लिहा. आणि चुकलात तर रडत बसू नका. प्रत्येक चूक म्हणजे एक धडा. तो लगेच पुढच्या कामात वापरा!”

गावाने टाळ्या वाजवल्या. हॉलच्या भिंतीवर मोठा कागद लावला होता, त्यावर सगळ्यांनी संकल्प लिहिले. कुणी बारा किलो वजन उतरवणार होतं. कुणी रोज पहाटे समुद्रावर चालायला जाणार होतं. बावतीस मास्तर वर्षभर कुणाची निंदा करणार नव्हते. ते हॉलच्या पायऱ्या उतरेपर्यंत टिकले. बाकीच्यांचं आठवडाभर चाललं. मग त्या कागदात कुणीतरी सुके बोंबील गुंडाळून नेले.

एकट्या बस्त्यावने घरी येऊन स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलं : ‘वाइन. वीस बाटल्या. आईसारखी.’ आणि खाली लिहिलं, ‘चुकलो तर धडा पुढच्या कामात.’

आता चुकायचीच काय ती वाट पाहायची होती.

मे महिन्यात आत्याने कैरीचं लोणचं घातलं आणि एक बरणी बस्त्यावला दिली. त्याने ती उघडीच ठेवली. लोणच्याला हवा लागली, बुरशी धरली, मुंग्यांनी आत वस्ती केली.

आत्याने कपाळाला हात लावला. “अरे बस्त्याव! बरणीचं तोंड कसं घट्ट बांधायचं! झाकण लावायचं, वर फडकं, वर दोरी. आत वारा जाता कामा नये.”

“कळलं, आत्या,” बस्त्याव म्हणाला. आणि त्याला खरंच कळलं होतं.

पुढचं काम होतं वाइनचं. जूनमध्ये जांभळं आली. बस्त्यावने पाटीभर जांभळं निवडली, हाताने कुस्करली, साखर घातली, यीस्ट घातलं, पाणी घातलं. सगळं अगदी आई करायची तसं. मग झाकण लावलं. वर फडकं, वर दोरी. दोरीवर आणखी एक दोरी, आणि त्यावर पाटा. आत वारा जाता कामा नये.

आत वारा गेला नाही. पण आतला वारा बाहेर यायला बघत होता. चौथ्या दिवशी दुपारी असा आवाज झाला की शेजारचे बावतीस मास्तर खाटेखाली शिरले. आत्या धावत आली, तेव्हा छत जांभळं, भिंती जांभळ्या, आणि मध्ये बस्त्याव जांभळा. नशीब एवढंच की ती आईची बरणी नव्हती. ती रेमेदीनने कपाटात कुलपात ठेवली होती.

“अरे बस्त्याव!” आत्या म्हणाली. “वाइन जिवंत असते, बाबा! तिला श्वास लागतो. तोंड मोकळं ठेवायचं, वर नुसतं पातळ फडकं. अंधारात ठेवायची. आणि एकवीस दिवस तिच्याकडे फिरकायचंसुद्धा नाही.”

“आधी सांगायचंस ना,” बस्त्याव म्हणाला. त्याने धडा पाठ केला. जिवंत वस्तू. तोंड मोकळं. अंधार. एकवीस दिवस.

पुढचं काम होतं कोंबड्यांचं. रेमेदीनने लग्नाच्या जेवणासाठी चौदा पिल्लं आणून खुराड्यात सोडली होती. ती आठवडाभर मावशीकडे जाताना म्हणाली, “दादा, पिल्लांकडे बघ हं.”

बस्त्यावने पिल्लांकडे नीट बघितलं. ती जिवंत होती, यात शंका नव्हती. म्हणून त्याने खुराड्याचं दार मोकळं ठेवलं. वर पातळ फडकं टाकलं. खुराडं उचलून मागच्या अंधाऱ्या पडवीत नेलं. आणि तिकडे फिरकला नाही. मुंगूस मात्र रोज फिरकत होतं.

आठवड्याने रेमेदीन आली. फडक्याखाली तीन पिसं होती.

“दादा, पिल्लं कुठे आहेत?”

“अजून चौदा दिवस आहेत,” बस्त्याव म्हणाला. “आताच उघडू नकोस.”

रेमेदीन पायरीवर बसून रडली. बस्त्यावलाही फार वाईट वाटलं.  तिचे डोळे पुसायला त्याने शेवटी तेच पातळ फडकं दिलं.

“अरे बस्त्याव!” आत्या कुंपणावरूनच ओरडली. “जिवंत वस्तूला वाऱ्यावर सोडतात का? सकाळ-संध्याकाळ दाणे घालायचे, पाणी पाजायचं, जवळ बसायचं, मायेने हाक मारायची!”

“आता चुकणार नाही,” बस्त्याव म्हणाला. पुढचं काम पुन्हा वाइनचं होतं. या खेपेला मनुकांची. त्याने तोंड मोकळं ठेवलं, फडकं बांधलं, बरणी अंधारात ठेवली. हे सगळं बरोबर केलं, हे कबूल केलं पाहिजे. पण वाइन जिवंत असते, हे आत्यानेच सांगितलं होतं. आणि जिवंत वस्तूला काय लागतं, तेही आत्यानेच सांगितलं होतं. म्हणून तो रोज सकाळी बरणीत मूठभर मका आणि तांब्याभर पाणी घालायचा. संध्याकाळी पुन्हा मूठभर मका, पुन्हा तांब्याभर पाणी. मग जवळ बसून मायेने म्हणायचा, “ये, ये, बाय माझी, ये.”

पंधरा दिवसांनी ती खरोखरच आली. फडकं वर उचलून, बरणीच्या काठावरून उतरून, दारापर्यंत आली. आंबलेल्या मक्याची पेज होती ती. बावतीस मास्तरांच्या बोकडाने ती चाटली आणि दोन दिवस तो भिंतीला टेकून उभा होता.

एव्हाना ऑक्टोबर लागला होता. रेमेदीन भिंतीवरचा संकल्प वाचायची आणि तोंड फिरवायची. एकदा म्हणाली, “आत्या, राहू दे. काकांना पेला उपडा ठेवू दे. मी काय त्यांच्या पेल्याशी लग्न करत नाही.” पण हे बोलताना ती आईच्या बरणीच्या कपाटाचं कुलूप चाचपत होती.

ते ऐकून आत्या उठली. पदर खोचला. कपाटातून आईची मोठी बरणी काढली आणि बस्त्यावला म्हणाली, “वाइन तूच करायचीस, मनुकांचीच. तुझ्या आईने तुला शेजारी बसवून शिकवलं होतं, हातात आहे तुझ्या. पण मी सांगेन तेव्हा हात लावायचा, आणि मी सांगेन तेव्हा काढायचा.” एकवीस दिवस आत्या पाट टाकून बरणीजवळ बसली. तिथेच जपमाळ, तिथेच भाजी निवडणं. बस्त्याव दाणे घेऊन आला की ती काठी दाखवायची.

एकविसाव्या दिवशी दोघांनी वाइन गाळली. “हे बघ,” आत्या म्हणाली, “वरचं नितळ तेवढं घ्यायचं. तळाचा गाळ फेकून द्यायचा. गाळात काही अर्थ नसतो.”

बस्त्यावने वरचं नितळ घेतलं. गाळ फेकला. आत्याने पळीभर वाइन चाखली आणि तशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“बस्त्याव,” ती म्हणाली, “अगदी वहिनीच्या हातची रे.”

रेमेदीनने चाखली. ती तर भावाच्या गळ्यातच पडली. वीस बाटल्या भरतील एवढी वाइन आईच्या बरणीत भरून ठेवली. बाटल्या भरायच्या लग्नाच्या दिवशी. बस्त्यावला इतका आनंद झाला की त्याने कोळसा हातात घेतला, भिंतीवर ‘झालं’ असं लिहायला. आत्या म्हणाली, “थांब. लग्न होऊ दे.”

पुढच्याच रविवारी इस्तेव काका घरच्या सात जणांना घेऊन लग्नाची बोलणी करायला जेवायला आले. आत्याने मटणाचं कालवण केलं होतं. पाहुणे हात धुऊन बसले, तेव्हा ती बस्त्यावला म्हणाली, “मी भाकऱ्या आणते. तू कालवण वाढायला घे.”

बस्त्याव पातेल्याजवळ गेला. पातेल्यात वर पातळ रस्सा होता. तळाला जाड काहीतरी बसलं होतं. गाळात काही अर्थ नसतो. त्याने मलमलीचं धुतलेलं फडकं घेतलं, रस्सा दोनदा गाळला, आणि तळाचा गाळ मागच्या दारी कुत्र्यांपुढे टाकला. चार किलो होता.

इस्तेव काकांनी वाटीत बोट फिरवून पाहिलं. मग वाटी ओठाला लावली. सभ्य माणूस, म्हणाले, “चहा बरा झालाय.” मागच्या दारी कुत्री इतकी गप्प होती की आत्याला शंका आली.

पाहुणे गेल्यावर आत्याने बस्त्यावचे दोन्ही खांदे धरले.  “अरे बस्त्याव! त्या पाण्यात काय होतं रे? खरा माल तळाशी असतो! चार माणसं जेवायला आली की पाणी बाजूला काढायचं आणि तळाचं जाड वाढायचं. पाहुण्यांच्या पानात नेहमी तळाचं! राहील लक्षात?”

“राहील,” बस्त्याव म्हणाला. त्याने ते कोळशाने भिंतीवरही लिहिलं.

मग नाताळ आला, गेला. नवं वर्ष लागलं. दुसऱ्या दिवशी लग्न. चर्चमधून मंडळी मंडपात आली. दीडशे माणसं, दीडशे पेले. पहिल्या रांगेत ध्येयवाले सरसुद्धा कोट घालून बसले होते. आदल्या दिवशी त्यांनी हॉलमध्ये तेच भाषण पुन्हा दिलं होतं, आणि गावाने तेच संकल्प पुन्हा लिहिले होते.

आत्या नवरीच्या डोक्यावरचं जाळीचं वस्त्र सारखं करत होती. तिथूनच तिने सांगितलं, “बस्त्याव, वाइन घेऊन ये आता. जपून काढ हं, पुन्हा गाळ बसलाय तळाला. धडा लक्षात आहे ना?”

“आहे ना,” बस्त्याव म्हणाला.

कुठला धडा, ते आत्याने विचारलं नाही.

थोड्या वेळाने बस्त्याव आला. नवा सदरा, अंगभर घामाघूम, हातात पितळी पातेलं आणि पळी. तो एकेका पाहुण्यापुढे थांबला आणि एकेकाच्या पेल्यात अर्धी पळी वाढत गेला. वाढलेलं पेल्याच्या तळाशी पडून राहायचं, हलायचं नाही. जांभळट, काळं, चिखलासारखं. नवरदेवाला त्याने आग्रह करून पळीभर वाढलं.

इस्तेव काका पेला उचलून उभे राहिले. पेला तिरका केला. काही आलं नाही. उपडा केला. तरी काही आलं नाही.



“बस्त्याव,” आत्या हळूच म्हणाली, “वाइन कुठे आहे?”

“ही काय,” बस्त्यावने पातेलं दाखवलं. “खरा माल.”

“आणि वरचं?”

“पाणी होय? ते केळीच्या मुळाशी ओतलं. सगळं. थेंबसुद्धा राहू दिला नाही, आत्या.” आणि तो बहिणीकडे पाहून असा हसला की त्याला रागवायचं कसं, हेच कुणाला कळेना.

रेमेदीनचा चेहरा उतरला. तिने आपल्या पेल्यात पाहिलं. मग बोट बुडवलं आणि चाटलं. पुन्हा चाटलं. “काका,” ती म्हणाली, “आईचीच आहे.”

इस्तेव काकांनी बोट बुडवलं. डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच होते. “आहे खरी,” ते म्हणाले, आणि त्यांनी दीडशे माणसांसमोर पेला बोटाने पुसून पुसून खाल्ला. मग सगळ्यांनीच बोटं घातली. नवरा-नवरीच्या सुखासाठी त्या गावात पहिल्यांदाच वाइन चाटण्यात आली.

तेवढ्यात पहिल्या रांगेतले सर उठले. ते हात पसरून बस्त्यावकडे निघाले. चेहऱ्यावर हसू, आवाजात माया.

“वा, मित्रा, वा! चूक झाली? होऊ दे! आता सांग पाहू, यातून तू काय शि—”

आत्याने झेप घेतली आणि त्यांच्या तोंडावर हात दाबून धरला. कारण पुढचं काम होतं बैलगाडी हाकायचं, आणि गाडीत नवरी बसणार होती.