देणाऱ्याचा पहिला घोट

फार फार जुनी गोष्ट आहे, डोंगरांना अजून नावं पडायची होती तेव्हाची. एका राज्यात एक यंत्रकार राहत होता. दोन बैलांचं काम एका बैलावर भागेल असा रहाट त्याने बनवला आणि बघता बघता तो गावोगावी खपला. त्याचं डोकं भलतंच चालायचं, आणि हे त्यालाही चांगलंच ठाऊक होतं. तो सगळ्यांना सांगायचा, "वस्तू चांगली करा, स्वस्त करा आणि माणसाच्या दारात नेऊन ठेवा. पुढचं आपोआप होतं." रहाटाचं तसंच झालं होतं, त्यामुळे त्याच्यापुढे कोण बोलणार?

पैसा आला, केस पिकले. मग एकदा त्याच्या कानावर आलं, की डोंगरापलीकडच्या वस्तीत तळ्याचं गढूळ पाणी पिऊन लहान मुलं दगावतात. त्याचा जीव कळवळला. तो दिखावा नव्हता. पुष्कळ खपून त्याने एक रांजण घडवला. आत वाळूचे आणि कोळशाचे थर. वरून गढूळ पाणी ओता, खालच्या तोटीतून नितळ पाणी घ्या. गाड्या भरभरून त्याने ते रांजण पाठवले, घरटी एक, तेही फुकट.

वर्ष सरलं, तरी मुलं दगावतच होती. रांजण तडकले असतील, या विचाराने यंत्रकार अवजारं घेऊन स्वतःच निघाला.

पहिल्याच घराच्या ओसरीत रांजण होता. लख्ख पुसलेला, तोंडाला धुतलेलं फडकं बांधलेला आणि आतून कोरडा ठाक. शेजारी एक बाई जुलाबांनी मलूल झालेल्या लेकीला तळ्याचंच पाणी पाजत होती.

यंत्रकाराचा तोल गेला. एवढी मेहनत करून पाठवलेली वस्तू शोभेला ठेवता का, असं तो तिला नाही नाही ते बोलला. बाईने सगळं ऐकून घेतलं. हा रांजण घडवणारा तोच, हे कळल्यावर तिने लगबगीने घोंगडी अंथरली.

"तुमचीच वाट बघत होतो, दादा," ती म्हणाली. "विकत घेतलेली वस्तू आपली असते. पण दिलेली वस्तू देणाऱ्याने आमच्या घरी येऊन आधी ओठाला लावायची, मग ती आमची. तोवर ती दुसऱ्याची ठेव. तिला हात कसा लावायचा?"

"माझ्या गाडीवानांना सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं. ते म्हणाले, धनी मोठ्या कामात आहेत. मग आम्ही थांबलो."

हा कसला खुळा रिवाज, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात त्याची नजर समोरच्या घराकडे गेली. तिथेही ओसरीत फडकं बांधलेला रांजण होता, आणि त्याच्यावर आढ्याला गुंडाळून ठेवलेला रिकामा पाळणा. यंत्रकाराला काही विचारावं लागलं नाही. त्याला रडू आवरेना.

त्याने बाईच्या रांजणाचं फडकं सोडलं, पाणी ओतलं आणि तोटीखाली वाटी धरली. पाणी थेंब थेंब येत होतं. स्वतःच्याच यंत्रापुढे तो पहिल्यांदा ताटकळत बसला. पहिला घोट त्याने घेतला, दुसरा बाईने लेकीला पाजला. पुढे ती पोर हळूहळू सावरली.

मग तो पाय ओढत समोरच्या घरी गेला. तिथल्या आईने त्याला दोष दिला नाही. तिनेच रांजणाचं फडकं सोडलं आणि म्हणाली, "उशीर झाला, दादा. तरी घोट घ्या. शेजारच्या लेकरांना होईल."

त्यानंतर यंत्रकार पेढीवर फारसा दिसला नाही. आपल्या जागी माणसं पाठवा, असं कारभारी विनवायचे. तो म्हणायचा, "रहाट विकायचे तर तुम्ही जा. द्यायचं असेल तिथे मलाच गेलं पाहिजे." पाय थकेपर्यंत तो आसपासच्या वस्त्यांत दारोदार हिंडला आणि प्रत्येक घरी घोटभर पाणी प्यायला. त्या वस्त्यांमधले पाळणे पुन्हा हलू लागले.

म्हणून बाळांनो आणि बाळांच्या आजोबांनो, एवढं ध्यानात असू द्या: ज्याला द्यायचं त्याच्या घरी बसून त्याचं ऐकून घेतलं, तरच दिलेलं त्याच्यापर्यंत पोहोचतं.