कोरड्या नदीतला नावाडी

हिमालयाच्या पायथ्याशी अंगधर राजा राज्य करीत होता, तेव्हाची गोष्ट. तिथल्या एका अरुंद दरीत बोधिसत्त्वाने नावाड्याचा जन्म घेतला होता. नाव सुवेल. त्याचा थोरला भाऊ भद्रक गावाचा प्रमुख होता.

एकदा वरच्या खिंडीत डोंगर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी नदी आटली. नदीने सोडलेल्या जमिनीत जो आधी दगड रोवील, त्याची ती जमीन, अशी त्या गावाची रीत होती. सारे गाव पात्रात उतरले. फुकटचे दिसले की माणसाच्या डोळ्यांवर झापड येते, दुसरे काय!

सुवेल मात्र दरी चढून गेला. कोसळलेल्या डोंगरामागे अफाट तळे तुंबले होते आणि मातीतून गढूळ पाणी झिरपू लागले होते. ते तळे फुटणार, हे ओळखून तो धावतच परतला.

पूर येणार असला की नावाडी नाव ओढत टेकडीवर नेई आणि गाव त्याच्यामागे निघे. सुवेलने नाव ओढायला घेतली तेव्हा लोक हसले. "नदीत थेंब नाही, अन् याला पुराचं भय!"

भद्रक म्हणाला, "लोकांना घाबरवू नकोस. मधला तुकडा तुझ्यासाठी राखलाय. गप्प राहा."

"दादा, मी तिथे उभा राहिलो तर मला बघून सगळेच थांबतील," सुवेल म्हणाला.

तो एकटाच ओढत राहिला. खांदे सोलून निघाले. ते पाहवेना म्हणून आधी त्याची बायको आली, मग म्हातारी माणसे, मग अर्धे गाव. बाकीचे लोक दगड रोवीत राहिले. सुवेल पुन्हा खाली गेला आणि त्यांची मुले घेऊन आला. पुढच्या खेपेस तो भावासाठी उतरला, तेव्हा वरून गडगडाट ऐकू येत होता.

"दादा, चल!"

"एवढा एक दगड रोवू दे."

सुवेलने त्याचा हात धरला आणि सोडला नाही. पाणी, चिखल आणि झाडे एकदमच आली. टेकडीवरच्या लोकांनी सात दिवस शोध घेतला. कोणीच सापडले नाही.

एवढे सांगून भिक्षूंचे गुरू शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, टेकडी चढलेले ते लोक म्हणजे तुम्ही. भद्रक म्हणजे काल निजायच्या जागेवरून भांडलेला हा सोमदत्त. नावाडी मी होतो. भद्रक वाचणार नाही हे मला उतरतानाच कळले होते. तरी उतरलो, तीच करुणा."